इंदूरमध्ये स्काउट-गाइड लीडर व्हायचंय? पहिल्या वर्षाचे सोपान

"पगार किती?"

गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या गाइड गटाची लीडर, होणार असं घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच होता. पगार नाही म्हटल्यावर थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मग गणवेश तरी त्यांचा असेल?" तोही आपणच शिवायचा असतो, हे सांगायला मला आणखी दोन दिवस लागले.

आठ वर्षं झाली. मुलगी बुलबुलमध्ये, म्हणजे लहान मुलींच्या गटात होती, तिला न्यायला-आणायला जायचे. एका शनिवारी ताई आल्या नाहीत आणि मैदानावर चौदा मुली उभ्या होत्या. "काकू, तुम्हीच शिटी वाजवा ना," एक म्हणाली. बहुतेक लीडर असेच होतात, कुणीतरी न आल्यामुळे. नंतर कळतं की शिटी वाजवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

इंदूरमधल्या मराठी घरांतून हल्ली बरेच जण विचारतात: वेळ आहे, मुलांची आवड आहे, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपल्याकडे मुलांच्या परीक्षांना 'सोपान' म्हणतात: प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. मोठ्यांनीही त्याच क्रमाने चढावं असं मला वाटतं, म्हणून मथळेही तेच ठेवले आहेत.

प्रवेश: आधी नुसतं बघा

भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था 7 नोव्हेंबर 1950 ला वेगवेगळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन झाली, आणि पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला गाइड्सही त्यात आल्या. याच क्षेत्रात आणखीही संस्था आहेत, नावंही मिळतीजुळती असतात. म्हणून एखाद्या शाळेने "आमच्याकडे स्काउट आहे" म्हटलं, तर गट कुठल्या संस्थेत नोंदलेला आहे आणि या वर्षीची नोंदणी झाली आहे का, हे सरळ विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण मुलांची प्रमाणपत्रं पुढे त्यावरच अवलंबून असतात. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती होते, त्यामुळे पालक या कागदांबाबत तुमच्याहून जास्त जागरूक असतील.

आपल्या प्रदेशाला या कामाची चांगली जुनी ओळख आहे. भारतातली पहिली गाइड कंपनी, म्हणजे गाइड मुलींचा गट, 1911 मध्ये जबलपूरला सुरू झाली. मुलींना हे सांगितलं की त्यांना मजा वाटते, कारण त्यांच्या समजुतीने अशा सगळ्या गोष्टी मुंबईत नाहीतर पुण्यात सुरू होतात. पुण्याच्या मावशीला फोनवर ऐकवायला एक मुद्दा मिळतो.

गट दोन प्रकारचे असतात. एक शाळेचा, दुसरा खुला, म्हणजे वस्तीतल्या कुठल्याही मुलांसाठी. शाळेच्या गटात मैदान, मुलं आणि मुख्याध्यापकांचा शिक्का आयता मिळतो. पण परीक्षा आल्या की सभा बंद, आणि 15 ऑगस्टच्या संचलनापुरतीच सगळ्यांना आठवण येते. खुल्या गटात मैदानापासून झेंड्याच्या काठीपर्यंत सगळं तुम्हाला उभं करावं लागतं, पण वेळापत्रक तुमचं असतं. नवख्या माणसाने आधी चालू गटात सहायक म्हणून जावं. खुला गट उभारायची हौस तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली, तर ती खरी.

वय कुठलं घ्यायचं, हे स्वभावावर ठरवा. साधारण पाच-सहा ते दहा वर्षांची मुलं कब आणि मुली बुलबुल, दहापासून सतरा-अठरापर्यंत स्काउट आणि गाइड, त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. कबचं सगळं जग मोगलीच्या गोष्टीवर बेतलेलं आहे आणि त्यांच्या लीडरला 'अकेला' म्हणतात. त्या गोष्टीतलं जंगल सिवनीचं, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशातलं. ज्यांना नाटकं करायला, आवाज काढायला, जमिनीवर लोळायला लाज वाटत नाही त्यांनी कबकडे जावं. ज्यांना तेरा वर्षांच्या मुलीने डोळे फिरवले तरी राग येत नाही, त्यांनी गाइडकडे. मी दोन्ही करून पाहिलं. डोळे फिरवणाऱ्या मला जास्त मानवतात.

होकार देण्याआधी तीन सभा नुसत्या बघा. कोपऱ्यात बसा, वहीत काही लिहू नका, मुलं बिचकतात. एवढंच पाहा की बोलतंय कोण. दीड तासात लीडरचाच आवाज ऐकू येत असेल, मुलं रांगेत उभी असतील आणि टोलीच्या, म्हणजे गटातल्या छोट्या तुकडीच्या, नायकाच्या खिशावर नुसती पट्टी असेल, तर त्या गटात तुम्हाला शिकण्यासारखं फार नाही. एका शाळेत मी असा गट पाहिला की ज्याची सभा वर्षभरात रजिस्टरवरच भरत होती. गणवेश मात्र कडक इस्त्रीचे.

आणि घरच्या कॅलेंडरवर एक वार ठरवा. वर्षात चाळीस शनिवार दुपारी साडेचार ते सहा तुम्ही मोकळे आहात का? अधूनमधून पूर्ण दिवस देणारा माणूस इथे उपयोगाचा नसतो. दर आठवड्याला दीडच तास, पण चुकवायचा नाही, असा माणूस लागतो. मुलं तुमचं ज्ञान विसरतील, तुम्ही न आलेला शनिवार विसरत नाहीत. लग्नसराई, गणपती, रंगपंचमीची गेर, पाहुणे, सगळं धरून हिशेब करा. सभेइतकाच वेळ तयारीला जातो, हेही त्यात मिळवा.

प्रथम सोपान: कागद आणि कुंपण

कागदांचं लवकर उरकते. गटाच्या प्रमुखांमार्फत किंवा जिल्हा संघाच्या कार्यालयातून तुमची नोंदणी होते, वार्षिक वर्गणी भरावी लागते, मग बेसिक कोर्स, म्हणजे लीडरचं पहिलं प्रशिक्षण. त्यानंतर नेमणुकीचा वॉरंट, पुढे अॅडव्हान्स्ड आणि शेवटी हिमालय वुड बॅज. हा बॅज मिळालेल्यांच्या गळ्यात कातडी दोरीला दोन लाकडी मणी दिसतात. नव्या लीडरला त्या मण्यांचं फार आकर्षण वाटतं, मलाही वाटलं होतं. गणवेश घाईने घेऊ नका. स्काउटचा जुना खाकी पोशाख घरात पडून असेल तर तो आता चालत नाही. शर्ट स्टील ग्रे आणि पँट गडद निळी असते. कापडाची छटा जिल्हा संघात विचारून मगच शिंप्याकडे जा.

मुलांच्या सुरक्षेबद्दल मात्र सविस्तर सांगणं भाग आहे, कारण आपल्याकडे यावर बोलायला लोक कचरतात. "आपलीच मुलं आहेत, आपलीच माणसं आहेत" असं म्हणून विषय मिटवला जातो. मी काही कुंपणं स्वतःला घालून घेतली आहेत. तुम्हीही पहिल्याच दिवशी घाला, कारण नंतर घातलं की कुणावर तरी संशय घेतल्यासारखं होतं.

मूल आणि एकच मोठा माणूस, असं बंद जागेत कधीही राहायचं नाही. खासगी काही बोलायचं असेल तर मैदानाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर बसून बोलायचं. सभेला किमान दोन मोठी माणसं हवीत. दुसरं माणूस आलं नाही तर एखाद्या आईला थांबवून घ्यायचं, तीही नसेल तर सभा रद्द. मुलींचा मुक्काम असेल तर महिला लीडरशिवाय निघायचंच नाही, मग बस बुक झालेली असली तरी. मुलीला मोबाइलवर परस्पर मेसेज नाही. जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. फोटो पालकांना विचारून. शिक्षा म्हणून उन्हात उभं करणं, कान धरणं, "तू जाड आहेस, तू मागे राहा" म्हणणं, हे सगळं बाद. आणि पोलिसांकडून स्वतःची चारित्र्य पडताळणी, कुणी मागितली नाही तरी करून फाइलला लावा. मी लावली तेव्हा एक जुने सर हसले होते. पुढच्या वर्षी त्यांच्या गटातल्या सहायकांनीही लावली.

2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा तशी शक्यता असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं ही तुमची कायदेशीर जबाबदारी आहे. गप्प बसणं हाही गुन्हा आहे. मूल तुमच्याकडे येऊन काही सांगायला लागलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. ऐकून घ्या, खोदून प्रश्न विचारू नका, तिचेच शब्द लिहून ठेवा. 1098 ही मुलांसाठीची मदत क्रमांकाची ओळ, 112 पोलिसांसाठी, 108 रुग्णवाहिकेसाठी. तिन्ही आकडे मुलींनाही पाठ असले पाहिजेत.

दर मुलामागे एक कागद भरून घ्या: रक्तगट, दमा, फिट्स, कशाची अॅलर्जी, कोणतं औषध चालू आहे, आणि दोन फोन नंबर. दुसरा नंबर वडिलांचाच नको, कारण आई-वडील एकाच वेळी एकाच लग्नात असतात. शेजारच्या काकूंचा घ्या.

तुमचं स्वतःचं मूल गटात असेल तर आणखी एक गोष्ट. माझी मुलगी पुढे गाइडमध्ये माझ्याच कंपनीत आली. तिने मैदानावर मला "आई" म्हणायचं नाही असं आमचं ठरलं. तिने ते इतकं मनावर घेतलं की एकदा घरी जेवताना म्हणाली, "कॅप्टन, वरण वाढा." तिची परीक्षा मात्र मी कधीच घेतली नाही, दुसऱ्या गटाच्या लीडरला बोलावलं.

द्वितीय सोपान: पहिले सहा शनिवार

माझ्या पहिल्या सभेत मी चाळीस मिनिटं स्काउटिंगचा इतिहास सांगितला. 1907 चं ब्राउनसी बेटावरचं पहिलं शिबिर, वीस मुलं, स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल, सगळं. घरी पाठ करून गेले होते. विसाव्या मिनिटाला मागच्या ओळीतली एक मुलगी शेजारणीच्या वेणीला गाठ मारत होती. गाठ बरोबर होती, एवढंच त्या दिवशीचं शिक्षण.

सभेचा साचा असा ठेवा. पहिली दहा मिनिटं झेंडा आणि प्रार्थना. मग पाच मिनिटं तपासणी, नखं, स्कार्फ, वही, आणि ती टोली नायिकांनी करायची, तुम्ही नाही. लगेच धावायचा खेळ, कारण शाळेतून आलेल्या मुलांच्या अंगात दिवसभराची बेडी असते. त्यानंतर वीस मिनिटं एकच नवी गोष्ट, दोन नाहीत. मग वीस-पंचवीस मिनिटं टोलीचा वेळ, हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे लीडर हाच कापतात. शेवटी आणखी एक खेळ, एखादं गाणं, पुढच्या शनिवारच्या सूचना, झेंडा उतरवणं. ठरल्या वेळी सोडायचं. सहा म्हणजे सहा. रिक्षावाले काका बाहेर थांबलेले असतात.

सगळा प्रकार उभा आहे तो टोलीवर. सहा ते आठ मुलींची एक टोली, तिची नायिका आणि सहायक नायिका. गाइडच्या टोल्यांना फुलांची नावं, स्काउटच्या टोल्यांना पशुपक्ष्यांची. नायिका आठवड्यातून एकदा तुमच्याबरोबर बसतात, ती मानसभा. पुढच्या महिन्यात काय करायचं, कुणी सारखं गैरहजर आहे, पैसे किती उरले, हे तिथे ठरतं. नवा माणूस इथेच चुकतो. तो मानसभा घेतो, सगळ्यांचं ऐकतो, आणि मग आधीच ठरवलेलं जाहीर करतो. मुलींना हे दोनदा कळलं की तिसऱ्यांदा त्या "मॅम, तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला लागतात. हे ऐकून खूश होऊ नका. तुमचा गट तिथे संपला.

मी काय करते? मानसभेत हात मागे बांधून बसते, अक्षरशः. एकदा मुलींनी ठरवलं की सहलीला सगळ्यांनी फक्त शेव-परमल आणि केळी आणायची. मला दिसत होतं की दुपारी दोनपर्यंत सगळ्या भुकेने कासावीस होतील. जिवाला धोका नव्हता, म्हणून बोलले नाही. झालंही तसंच. पुढच्या वेळी पराठे, लोणचं, भाजी, सगळ्याची यादी त्यांनीच केली आणि कुणी काय आणायचं तेही वाटून घेतलं. धोका असेल तिथे मात्र मतदान नसतं. पाणी, आग, रस्ता आणि उंची, या चार गोष्टींत कॅप्टनचा शब्द शेवटचा, हे त्यांना पहिल्याच मानसभेत सांगून ठेवलेलं बरं.

गाठींचं उदाहरण देते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. डॉक्टरी गाठ, म्हणजे रीफ नॉट, पट्टी बांधायला वापरतात. ती सपाट बसते, जखमेवर टोचत नाही. उजवं टोक डाव्यावरून घेऊन वळवायचं, मग तेच टोक, जे आता डावीकडे आलं, उजव्यावरून. बरोबर आली तर दोन फासे एकमेकांत अडकलेले दिसतात आणि मोकळी टोकं मूळ दोरीला समांतर पडतात. टोकं आडवी फाकली तर ती चुकली, ओढल्यावर घसरेल. पांढऱ्या दोन दोऱ्यांनी शिकवलं तर मुलींना कुठलं टोक कुठे गेलं ते कळत नाही. एक लाल, एक हिरवी ओढणी घ्या. दोन मुलींना नीट येईपर्यंत शिकवा आणि बाजूला व्हा, बाकीच्यांना त्या शिकवतील. तुम्ही चोवीस जणींना एकेक करून शिकवत बसलात तर सहा वाजतील. खुंटा फास, जुलाहा गाठ, मछुआ गाठ, सगळ्या याच पद्धतीने. आणि प्रत्येक गाठीला लगेच काम द्या. जुलाहा गाठीने एक जाड आणि एक बारीक दोरी जोडून त्यावर टोलीचे ओले रुमाल वाळत घाला. ज्या गाठीला काम नाही ती पुढच्या शनिवारपर्यंत विसरली जाते.

पावसाळी दिवसासाठी एक खेळ हाताशी ठेवा. ताटात वीस वस्तू, वर रुमाल. एक मिनिट उघडं ठेवायचं, झाकायचं, मग टोलीने आठवून लिहायचं. मी घरातलंच काही ठेवते: जिरावणाची पुडी, बटण, सिटी बसचं तिकीट, तुटकी चप्पल-पिन, आजीच्या चष्म्याची डबी. निरीक्षण शिकवायचं असं म्हणू नका, नुसता खेळ म्हणा.

भाषेचं काय, हा प्रश्न आपल्याकडे असतोच. आज्ञा हिंदीत, प्रार्थना हिंदीत, आणि गटात निम्म्या मुली मराठी घरातल्या. माझ्या मुली "दल, सावधान" झाल्यावर उभ्या राहतात आणि हळूच आपसांत "अगं, तुझा स्कार्फ उलटा आहे" म्हणतात. दोन मराठी मुलींनी तिसरीला न कळेल असं बोलायचं नाही, एवढाच नियम मी ठेवला आहे. प्रतिज्ञेबद्दल पालक विचारतात, त्यांना सांगा की 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे. दीक्षेच्या, म्हणजे प्रतिज्ञा घेण्याच्या आधी मुलीशी एकटीशी, पण इतरांना दिसेल असं बसून, प्रतिज्ञेचा अर्थ बोला. गाइडचे नियम नऊ आहेत. पाठांतर घेऊ नका, "यातला कुठला तुला सगळ्यात अवघड जाईल?" असं विचारा. एकीने सांगितलं होतं, "काटकसरीचा. कारण मला पाणीपुरी आवडते."

तृतीय सोपान: मैदानाच्या बाहेर

पहिली सहल शहराच्या कुशीतच काढा. सिरपूर तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, थंडीत तिथे पक्षी भरपूर असतात आणि सकाळी सातला जाऊन दहाला परत येता येतं. दुसऱ्या सहलीला रालामंडल: चढ आहे पण वाट पक्की आहे, वर होळकरांची जुनी शिकारगाह आहे, आणि मागे पडणारी मुलगी कोण हे तुम्हाला कळतं. सगळ्यात हळू चालणारीला पुढे ठेवा. मागे ठेवलं की ती धापा टाकत पोचते तेव्हा इतरांची विश्रांती संपलेली असते, आणि तिला काहीच मिळत नाही.

पाताळपाणी, तिंछा, चोरल, इंदूरकरांचा पावसाळा म्हणजे हीच नावं. मुलांना घेऊन पावसाळ्यात धबधब्याच्या पात्रात उतरू नका, कुणी कितीही म्हणो. पाताळपाणीला जुलै 2011 मध्ये पात्रात उभी असलेली माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. पाऊस वर घाटात कुठेतरी पडलेला असतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं, आणि लोंढा मिनिटांत येतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, तर सामान सोडून वर चढायचं, हे मुलींना आधी सांगा. धबधबा कठड्यामागूनही सुंदर दिसतो.

मुक्कामी शिबिराला किमान सहा महिने थांबा. माझं पहिलं शिबिर सिमरोलच्या बाजूला होतं, एका ओळखीच्यांच्या शेतावर, सप्टेंबरात. तपासणीला पाहुणे येणार होते म्हणून तिन्ही तंबू मीच ताणून बांधले, काय सुंदर दिसत होते! रात्री दोनला पाऊस आला. सुती दोऱ्या ओल्या झाल्या की आकसतात, म्हणून झोपायच्या आधी त्या थोड्या सैल करायच्या असतात. मला माहीत होतं, मी मुलींना सांगितलं नव्हतं, आणि मी दमून गाढ झोपले होते. खुंट्या उपटल्या, मधला तंबू सात मुलींवर बसला. कुठली दोरी सोडायची हे एकीलाही कळेना, कारण एकीनेही ती बांधली नव्हती. कुणाला लागलं नाही. बाकीची रात्र आम्ही सगळ्या शेतमालकांच्या ट्रॉलीखाली बसून काढली, आणि मुलींना तेच शिबिर अजून सगळ्यात जास्त आठवतं. पण तेव्हापासून मी तंबूला हात लावत नाही. वाकडा बांधतात, पाहुण्यांना दिसतो, दिसू दे.

शिबिराआधी पालकांची बैठक घ्या, आणि बाबांपेक्षा आजीला उत्तरं द्यायची तयारी ठेवा. रात्री सोबत कोण, शौचालय कुठे, दाराला कडी आहे का, पाळी आली तर काय, फोन कधी करता येईल. यांतला एकही प्रश्न फालतू नाही. जागा आधी स्वतः जाऊन पाहा आणि कडी खरोखर लागते का ते लावून बघा. सॅनिटरी पॅड प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवू नका, वेगळ्या पिशवीत आणि मुलींना माहीत असेल अशा जागी ठेवा. पेटीतून मागायला लाज वाटते, पिशवीतून घ्यायला वाटत नाही.

पेटीत महागडं काही नको: पट्ट्या, कापूस, चिमटा, कात्री, अँटिसेप्टिक, थर्मामीटर, ओआरएस. पुडी संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही, हळद नाही. घोळणा फुटला तर डोकं मागे न टाकता पुढे झुकवून नाक दहा मिनिटं दाबून धरायचं. साप चावला तर कापणं-चोखणं काही नाही. हातपाय स्थिर ठेवून थेट मोठं रुग्णालय. पॅरासिटामॉलसुद्धा पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मी देत नाही.

स्वयंपाकात मात्र माळव्याच्या मुलांना जन्मजात पुढची पायरी मिळालेली आहे. भांड्याविना स्वयंपाक हा स्काउटिंगमधला जुना विषय, आणि आपल्याकडे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बाट्या भाजणं हा रविवारचा बेत. कणकेत थोडा रवा आणि मोहन, गोळे घट्ट, निखारे लाल न ठेवता राख धरलेले. बटाटे, वांगी, कांदे त्याच राखेत. एका टोलीने निखारे पेटते असतानाच बाट्या टाकल्या, बाहेरून कोळसा, आतून कणीक. शेजारच्या टोलीने आपल्यातल्या चार दिल्या, बदल्यात भांडी घासून घेतली. मी मध्ये पडले नाही.

कचऱ्याचं सांगावं लागत नाही. इंदूरची मुलं आहेत, घरी सहा प्रकार वेगळे करतात. शिबिरात मी एकच खड्डा दाखवला तर एका अकरा वर्षांच्या मुलीने कपाळाला हात लावला.

तेवढं करून झालं की कोर्सला जा. कोर्स आधी, की काही महिने काम आधी, यावर लीडरांत मतभेद आहेत. नियम आणि तुमच्या गटाची सोय पाहून ठरवा, पण थोडे शनिवार पदरी असलेला माणूस कोर्समध्ये योग्य प्रश्न विचारतो. बेसिक जिल्ह्यात किंवा राज्य पातळीवरही होतो. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे, आपल्याला घरच्यासारखं. इंदूरहून नर्मदा एक्सप्रेसने पिपरियाला उतरायचं, पुढे साधारण पन्नास किलोमीटर घाट, बस आणि जीप दोन्ही मिळतात. मे महिना असला तरी स्वेटर घ्या. स्वतःची दोरी, ताट-वाटी, टॉर्च, आणि गोळ्या लागत असतील तर त्या दोन ठिकाणी विभागून.

कोर्समध्ये तुम्हालाही टोलीत घालतात. चाळीशीतले मुख्याध्यापक, बँकेतले साहेब, कॉलेजातली मुलगी, सगळे एका टोलीत, आणि नायक रोज बदलतो किंवा टोली निवडते. माझ्या टोलीची नायिका माझ्याहून अठरा वर्षांनी लहान होती. पहिल्या संध्याकाळी तिने कामं वाटली आणि माझ्या वाट्याला खिचडीचं करपलेलं पातेलं आलं. मी म्हटलं, "मी भाजी चिरते, मला लवकर होते." ती म्हणाली, "ताई, भाजीला माणूस दिला आहे." नळ बाहेर होता, पाणी बर्फासारखं गार, आणि घासणी कुणीच आणली नव्हती. तुम्ही जाल तेव्हा नारळाची शेंडी आणि थोडी चुलीची राख पिशवीत टाकून न्या.